काचा बंद, धवला सुरू

आमच्या गाडीत बसलात तर पहिल्यांदा वाटेल, आपले कान बसले. दार लावलं की माजिवड्याचा नाका, कंटेनर, मेट्रोची ठोकाठोक, सगळं एकदम लांब जातं आणि स्वतःच्याच बांगड्या ऐकू येतात. माझ्या नवऱ्याचा, मितेशचा, धंदाच तो. कोलशेतला त्याचा गाळा आहे, तिथे तो गाड्यांच्या आत येणारा रस्त्याचा आवाज बंद करून देतो. पण ही गोष्ट त्याची नाही. त्याला वाटतं त्याचीच आहे, वाटू दे. ही गोष्ट माझ्या सासूची, ठमाबाईची, जिच्या आवाजापुढे एके काळी अख्ख्या कोलशेतात कुणाचं काही चालायचं नाही.

तिला सगळे आय म्हणतात, मीही म्हणते. आय मिठागरात वाढली. खाडीकाठी तेव्हा टॉवर नव्हते, मीठ होतं. बाप मीठ ओढायचा आणि ही पोरगी बांधावर उभी राहून त्याला जेवायला हाक मारायची. ती हाक खाडीपलीकडे जायची आणि पलीकडची माणसंही हात धुवायला उठायची, असं सांगतात. आमची आगरी माणसं सांगताना मीठ जरा जास्तच घालतात, पण निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं.

तो आवाज बघून तिच्या आजीने तिला हाताशी धरलं आणि धवलारीण केलं. हे काय असतं ते लग्नाआधी मलाही माहीत नव्हतं. मी डोंबिवलीची, मूळची राजापूरकडची. आमच्याकडे भटजी येतात, मंगलाष्टकं होतात, जेवणं होतात, संपलं. आगऱ्यांच्या लग्नात धवला गाणारी बाई लागते. ती गाऊन एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते. मग पाटाला, उखळाला, हळदीला, मांडवाच्या खांबाला गाते. मग नवरीच्या माणसांना, काका, मामा, मामी, सगळ्यांना नावानिशी आणि शेवटी खुद्द नवरीला. आय म्हणते, ज्याचं नाव धवल्यात आलं तो लग्नाला आला, ज्याचं नाही आलं तो नुसता जेवायला आला.

ह्या हिशोबाने मी आमच्या घरात जेवायलाच आलेली. कारण माझं आणि मितेशचं लग्न ठाण्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात झालं. दोन्ही घरं तेव्हा फुगून बसलेली. सह्या केल्या, नौपाड्यात मिसळ खाल्ली आणि घरी आलो. मला धवला झाला नाही. मी कधी विषय काढला नाही, आयनेही नाही. आमचं दोघींचं बाकी सगळ्या विषयांवर भांडण व्हायचं, ह्या एका विषयावर झालं नाही.

मग बाळकुमचं ते लग्न आलं. आय मांडवात गात होती आणि डीजेवाला म्हणाला, आजी, पाच मिनिटं, एक गाणं होऊन जाऊ दे. ते गाणं काही संपेना, त्यातून दुसरं निघालं. देव अर्धेच आलेले, मध्ये सोडता येत नव्हतं. तिने आवाज चढवला. आणखी चढवला. छातीत धडकी भरवणारा तो डीजे आणि ही एकटी बाई, शेवटी तिच्या गळ्यातून नुसती हवा यायला लागली. समोर दोघं-तिघं मोबाइल धरून हसत होते. नवरीची आईच म्हणाली की म्हातारीचा आवाज गेला आता, राहू द्या. मी तिथे होते. मला इतका राग आला की हातातलं सरबत मी डीजेच्या मशीनवर ओतणार होते, मितेशने हात धरला म्हणून वाचलं. कोण वाचलं ते विचारू नका.

घरी आल्यावर आय पाय धुऊन ओटीवर बसली आणि मला म्हणाली, "विनता, माझा आवाज मेला." माझं नाव विनिता, पण तिच्या तोंडी ते कायम विनताच. रडली नाही, चिडली नाही. गोठ्यातलं एखादं जनावर गेल्याचं सांगावं तसं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून लग्नाचं बोलावणं घेऊन येणाऱ्या बायकांना दारातूनच परत पाठवायला लागली.

मी नौपाड्यात कान-नाक-घशाच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. सकाळपासून लोक माझ्यापुढे घसा धरून बसलेले असतात. म्हटलं, घरचंच दुखणं आहे तर दाखवू या. ओढून नेलं तिला. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं की वयाच्या मानाने घसा उत्तम आहे, कान तर माझ्याहून बरे आहेत. आयने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "डॉक्टरला धवला थोराच कलतो."

बरं, घरी गाऊन बघ म्हणावं, तर तेही चालत नाही. धवला फक्त मांडवाखाली गायचा, असा तिचा नियम. लग्न नसताना घरात उगाच गुणगुणला तर देव बोलावल्यासारखे येतात आणि घरात कुणीच नवरी नाही बघून रागाने परत जातात. म्हणजे आवाज आहे की नाही हे बघायला लग्न पाहिजे आणि लग्नाला जायचं नाही, कारण आवाज नाही. आमच्या घरातले सगळे नियम असेच गोल आहेत. अशी काही वर्षं गेली.

आता मितेशच्या धंद्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर तो रुसेल. त्याच्याकडे गाडी आली की तो आधी तिचे कपडे काढतो. हे त्याचे शब्द. दारांची पॅनल निघतात, सीट निघतात, खालचा गालिचा निघतो, नुसता पत्रा उरतो. त्या पत्र्यावर तो काळ्या जाड शीट चिकटवतो आणि लाटणं फिरवावं तसा रोलर फिरवतो. वर फेल्ट, चाकांच्या वर वेगळा थर, दारांच्या कडेला रबर. ह्याला म्हणतात डॅम्पिंग. गंमत अशी की अर्धी गिऱ्हाइकं शांततेसाठी येतात आणि अर्धी, गाडीत गाणी अजून जोरात वाजावीत म्हणून येतात. आमची स्वतःची गाडी जुनी, सात सीटची, डिझेलची. तिच्यावर त्याने सगळे प्रयोग करून ठेवलेत. गिऱ्हाइकाला आत बसवतो, दार लावतो आणि काही न बोलता त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. घराच्या खिडकीची खडखड मात्र मी सांगून सांगून थकले, तिला रबर लागत नाही.

ह्या वर्षी कृतिकाचं लग्न ठरलं. कृतिका माझ्या नणंदेची मुलगी, आयची लाडकी नात. नणंद मोहन्याला दिलेली, तिचा नवरा हरिहर पूर्वी तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होता. मांडव मोहन्यालाच होता. पोरगी खास कोलशेतला आली आणि आजीच्या पायाशी बसून म्हणाली की माझ्या हळदीला तूच गायचं. आयने सरळ नाही सांगितलं. मेलेला आवाज घेऊन नातीच्या मांडवात मी उभी राहणार नाही, लोक हसले तर ते तुझ्या लग्नात हसतील, असं म्हणाली. हरिहरने त्यावर तोडगा काढलेला. त्याने सुमित नावाचा डीजे ठरवला होता आणि त्या सुमितकडे धवले पेनड्राइव्हवर होते, ढोलकीचा ठेका टाकलेले. म्हणजे रीतही झाली आणि आजीला त्रासही नाही.

कृतिका वाद घालणारी पोर नाही, माझ्यावर गेलेली नाही ती. तिने एवढंच विचारलं, "आजी, पेनड्राइव्हमधल्या बाईला माझं नाव कसं माहीत असणार?"

आय उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी लावत बसली. ती भांडी मी आधीच लावलेली.

मांडवाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आमच्याकडे मामाने आजोळच्या उंबराची डहाळी घेऊन जायची असते. ती मांडवाला बांधली की मांडव खरा झाला. पण ती गाडीवरून उतरवायची धवला गाऊनच, आधी हात लावायचा नाही. मितेशने गावदेवीमागच्या उंबराची चांगली मोठी डहाळी तोडली आणि गाडीच्या कॅरियरला बांधली. पानं पुढच्या काचेवर उतरलेली. मी म्हटलं, ह्याला रस्ता दिसणार कसा? तर म्हणे, मला माहीत आहे मोहने. आय मधल्या सीटवर, मी तिच्या शेजारी, मांडीवर हळदीचं ताट.

ह्या गाडीतून आय कधी लांब गेलेलीच नव्हती. तिला रिक्षा प्रिय. गाळ्यापासून घरापर्यंत कधी बसली तर काच खाली करून, हात बाहेर टाकून. आज ऊन होतं, ताटातली हळद उडत होती, म्हणून मितेशने सगळ्या काचा वर केल्या. हायवेला लागलो. दोन्ही बाजूंना कंटेनर, खाली तो खडबडीत काँक्रीटचा रस्ता, ज्यावर इतर गाड्यांमध्ये शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आमच्यात काहीच नाही. थोड्या वेळाने आयने पुढे वाकून विचारलं की गाडी बंद पडली का? मितेश म्हणाला, नाही, चालतेय की. तिने बाहेर बघितलं. झाडं मागे जात होती. तिने एका कानात बोट घालून हलवलं, मग दुसऱ्या. मग माझा हात घट्ट धरला.

"विनता, कायतरी बोल. माझं कान पन गेलं."

तिचा चेहरा बघून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. बाई खरंच घाबरलेली. आधी आवाज गेला, आता कान गेले, उरलं काय? मी म्हटलं, आय, कान शाबूत आहेत, हा तुझ्या लेकाचा उद्योग आहे. मी बांगड्या वाजवल्या. ताटावर नख मारलं. ते सगळं तिला ऐकू आलं, अगदी स्पष्ट. ती हळूहळू मागे टेकली आणि त्या शांततेकडे कान देऊन बसली. एवढी वर्षं लेक काय करतो ते तिला त्या दिवशी कळलं. आरशात बघितलं तर मितेशची छाती फुगलेली.

मानकोली मागे पडलं. आयने वर बघितलं, काचेवर हलणाऱ्या पानांकडे. मग विचारलं, "डहाल वर हाय ना?" मी म्हटलं, आहे. मग तीच म्हणाली की डोक्यावर उंबर, ताटात हळद आणि लग्न पोरीचं, म्हणजे हा मांडवच झाला. मला काही कळेपर्यंत तिने पदर डोक्यावर घेतला होता, डोळे मिटले होते.

आणि ती गायली. हळूच, तोंडातल्या तोंडात, गरम चहा आधी ओठाला लावून बघतात तशी. पहिली ओळ झाली. ती थांबली. पुन्हा तीच ओळ, आता जरा मोकळी. आवाज पूर्वीपेक्षा खाली उतरलेला होता, जाड झालेला, पण कुठे फाटत नव्हता, कुठे थरथरत नव्हता. मी लग्नानंतर तिचे कितीतरी धवले ऐकले, पण सगळे भोंगा, बाजा, कुकरच्या शिट्ट्या, पोरांची रडारड ह्यांच्यातून गाळलेले. असा नुसता, कशाचीही भेसळ नसलेला मी पहिल्यांदा ऐकला. मितेशने गाडी हळू केली, त्याचे कान लालेलाल झालेले.

आयने डोळे उघडले आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू हरवलेला सोन्याचा डाग ट्रंकेच्या तळाशी सापडला.

"आगो विनता," ती म्हणाली, "हा तर अजून हाय."

मग दुर्गाडीचा पूल, कल्याण, शहाड, पूर्ण वाट ती गात होती. मी रडत होते आणि हळदीच्या ताटात पाणी पडू नये म्हणून तोंड काचेकडे केलेलं. मोहने जवळ आलं तेव्हा तिने तोंड पुसलं आणि सांगितलं की मी गाणार. साधं, भाजी काय करणार ते सांगावं तसं.

गाडी थांबली, मी दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. मांडवाच्या तोंडाला सुमितची स्पीकरची भिंत, आमच्या डोक्याच्या वर उंच. शेजारी जनरेटर. आणि ते कमी होतं म्हणून की काय, मागच्या गल्लीत दुसऱ्या कुणाचं लग्न, त्यांचाही डीजे, आमच्यापेक्षा मोठा. आयने जावयाला बोलावलं. जावयाच्या दारात सासूने किती बोलायचं ह्याला आमच्याकडे मर्यादा आहे, पण तिने नीट शब्दांत सांगितलं की मी गाणार आहे, पेनड्राइव्ह नको. हरिहर भला माणूस. तो खूश झाला, त्याने सुमितला लगेच थांबवलं. पण मागच्या गल्लीला कोण थांबवणार? तिथे तो दोनदा जाऊन आला, त्यांनी त्यालाच नाचायला ओढलं.

आय मांडवात बसली. कृतिका पाटावर, पिवळी साडी, कपाळावर मुंडावळ्या. सुमितने माईक दिला. आयने तोंड उघडलं आणि माईकने अशी किंचाळी मारली की लहान पोरं रडायला लागली. त्याने बटणं फिरवली. आता आवाज आला, पण माईकमधून मागच्या गल्लीचं गाणंही आलं, जनरेटरही आला, आणि सगळं मिळून आमच्याच स्पीकरमधून दुप्पट बाहेर पडलं. आयने दोन ओळी रेटल्या. तिसऱ्या ओळीला तिच्या गळ्याची शीर फुगली. मला बाळकुम दिसलं. मागे कुणीतरी म्हणालंच, पेनड्राइव्हच बरा होता. मी मागे वळून बघितलं, पण बोलणारा शहाणा होता, तो खाली बघत होता.

कृतिकाने आजीकडे बघितलं आणि खाली मान घातली. एवढी समजूतदार पोर, राहू दे आजी, असं ती आता म्हणणार, हे मला स्पष्ट दिसलं. तिने तोंड उघडायच्या आत आय उठली. माईक खाली ठेवला आणि चालायला लागली, मांडवाच्या बाहेर. बायका चुकचुकल्या. म्हातारी रुसली, असं झालं. नणंद रडायला लागली. मी धावले.

आय गाडीजवळ उभी होती आणि दाराच्या हँडलशी झटापट करत होती. मी म्हटलं, आय, असं जाऊ नको, पोरीला काय वाटेल?

"जातंय कोन?" ती म्हणाली. "डहाल अजून गारीवरच हाय. म्हंजे मांडव हितं हाय. माईक आन."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला आणि मग असा पडला की मी चपला तिथेच टाकून पळाले. मितेशला ओढलं, सुमितला ओढलं. मितेशने लोकांना बाजूला करत गाडी अशी आणली की तिचं नाक मांडवात शिरलं आणि पुढच्या काचेतून समोरच पाटावरची कृतिका. वर डहाळी. आय पुढच्या सीटवर बसली, मी तिच्या मागे. सुमितचा बिनवायरचा माईक गाडीत घरघरायला लागला, मग त्याने वायरवाला आणला. वायर आत घ्यायची तर दारातूनच, आणि दार तर पक्कं लागलं पाहिजे. मितेश कळवळला, रबर दबेल म्हणाला. आयने त्याच्याकडे फक्त बघितलं. त्याने स्वतःच्या हाताने वायरवर दार दाबून लावलं.

इंजिन बंद, एसी बंद, कारण त्याची फुंकरही माईकमध्ये येत होती. एप्रिलची दुपार, बंद गाडी, काही क्षणांत आम्ही घामाने भिजलो. मी पुढे वाकून एका हाताने माईक धरला आणि दुसऱ्या हाताने, गाडीतच राहिलेल्या हळदीच्या ताटाखालच्या पुठ्ठ्याने आयला वारा घातला. मागच्या गल्लीची धडधड आत येत होती, पण लांबून, पलीकडच्या घरात कुणी मसाला कुटत असावं तशी. आयने पदर घेतला, पानांकडे बघितलं आणि सुरू केलं.

आत आम्हाला ऐकू येत होती फक्त ती, जशी हायवेवर ऐकली तशी. ओरडणं नाही, रेटणं नाही. पण काचेबाहेर मला दिसत होतं की काय चाललंय. आधी पुढच्या बायकांनी मान वर केली. मग त्यांच्या मागच्यांनी. पत्ते खेळणारे पुरुष उठून उभे राहिले. सुमितची ती भिंत, जिच्यापुढे माणसं कानात बोटं घालतात, त्या भिंतीतून आता ठमाबाई बाहेर पडत होती आणि तो पठ्ठ्या बटण वर वर सरकवत होता. म्हाताऱ्या बायका पदर सावरून बसल्या. एकेक देव येत होता, गावदेवी, खाडीवरची आय, डोंगरावरचा देव, आणि प्रत्येक नावाला बायका हात जोडत होत्या. काचेच्या आड असल्याने मला वाटत होतं, ह्या सगळ्यांना मी टीव्हीवर बघतेय.

देव झाले, मग पाट झाला, उखळ झालं, हळद झाली. मांडवाच्या खांबाची पाळी आली तशी आय जराशी अडली, इकडे-तिकडे बघितलं. इथे खांब कुठला? मग तिने पुढच्या काळ्या डॅशबोर्डवर थाप मारली आणि गायली,

"मामाची काली गारी गो, मांडव होऊन आयली,
उंबराचे डहालीखाली, देव घेऊन आयली."

बाहेर हसण्याची लाट उठलेली दिसली आणि चार बायका धावत येऊन बॉनेटला हळद लावून गेल्या. गाडीला धवला झालेला मोहन्याने पहिल्यांदाच ऐकला असेल. मितेश बॉनेटपाशी असा उभा होता की नवरदेव तोच.

मग माणसं आली. काका, काकी, आत्या, नावानिशी. मी माईक धरून होते, हात भरून आलेला, वाराही घालत होते, माझं सगळं लक्ष माईक हलू नये ह्याकडे. आणि ती गायली,

"मामा आयला मितेश गो, डहाल घेऊन आयला,
मामी आयली विनता गो, हलद घेऊन आयली."

नाव घेताना ती मागे वळली. माझ्याकडे बघून, ताटातली चिमूटभर हळद घेऊन तिने माझ्या कपाळाला लावली आणि ती ओळ पुन्हा म्हटली, नुसती माझी. एवढी वर्षं मी म्हणत होते, मला काय फरक पडतो, मी डोंबिवलीची. पडतो हो. फार पडतो. मी हुंदका दिला आणि तो माईकमध्ये गेला. अख्ख्या मोहन्याने ऐकला. सुमित नंतर विचारत होता की तो इफेक्ट कसा काढला.

मी नाक पुसत होते तेव्हा आय मध्येच थांबली. बोट वर करून म्हणाली, ऐक. मी ऐकलं. काही नव्हतं. मसाला कुटणं थांबलेलं. मागच्या गल्लीत आमच्या भिंतीचा आवाज पोचला होता आणि देवांची नावं चालू आहेत म्हटल्यावर तिथल्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या पोरांना दटावून डीजे बंद करायला लावला होता. हे आम्हाला मागाहून कळलं. हरिहरने जनरेटरही बंद केला.

"दार उघर आता," आय म्हणाली.

मी दार उघडलं. तिने माझ्या हातातला माईक बाजूला सारला आणि उतरली. मितेशला मानेने खूण केली, त्याने कॅरियरवरून डहाळी उतरवली आणि तिच्या मागोमाग मांडवात नेली. बाहेर एवढी शांतता होती की मुंडावळ्यांचे मणी वाजत होते. फक्त एक नाव राहिलं होतं. आय पाटासमोर उभी राहिली, मिठागराच्या बांधावर उभी राहत असेल तशी, पाय रोवून. माईक नाही, भिंत नाही. नुसत्या गळ्याने तिने कृतिकाचं नाव घेतलं. ते मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं, गल्लीत गेलं, नदीकडे गेलं. कृतिका आजीच्या पोटाला मिठी मारून हसत होती आणि रडत होती, तिची हळद आजीच्या लुगड्याला लागली. आणि मघाशी मागे बसून बोलणारा तो शहाणा, त्याला मी शोधून काढलं. तो डोळे पुसत होता, म्हणून सोडून दिला.

हळद लागली, पोरं नाचायला उठली, सुमित मशीनकडे गेला. आणि मांडवाच्या तोंडाशी पाच-सहा अनोळखी बायका हळदीचं ताट घेऊन उभ्या दिसल्या. मागच्या गल्लीतल्या. त्यांची नवरीही पाटावर बसायची होती आणि धवलारीण मिळाली नाही म्हणून त्यांनीही पेनड्राइव्हच आणला होता. त्यातली थोरली आयच्या पाया पडली आणि विचारलं की आमच्या पोरीचं नाव घ्याल का?

आयचा चेहरा घामाने आणि हळदीने माखलेला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. मी म्हटलं, आय, आधी चार घास खा. तिने माझं ऐकलं नाही, कधी ऐकते? मांडवाला बांधलेल्या डहाळीतून तिने एक फांदी मोडून घेतली, दोन-तीन पानांची, आणि मितेशच्या हातात दिली.

"ही बांध गारीवर," ती म्हणाली, "आनि पोरीचं नाव काय ते विचार."